रोग हाल्याला, सुई पखालीला

डोळ्यांखालचे खड्डे इंजेक्शनने भरून घ्या, असं सांगणाऱ्यांचे युक्तिवाद आता सगळ्यांना पाठ झाले आहेत. पदार्थ शरीरातलाच आहे. काम पंधरा मिनिटांचं आहे. नाही आवडलं तर विरघळवता येतं. आणि शेवटी हुकमाचं पान: चेहरा तिचा, पैसा तिचा, निर्णय तिचा, विचारणारे तुम्ही कोण?

पुण्या-मुंबईच्या मंडळींनी त्यावर काय तो वाद घालावा. मी बोलतोय ते चिंताकीबद्दल. बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातलं हे सीमाभागातलं गाव. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात त्यात उर्दू-तेलुगूची भर. इथल्या गल्लीत कुणी फिलरची, म्हणजे या इंजेक्शनाची, पाटी लावलेली नाही, आणि लावायची गरजही नाही. पाटी मोबाईलमध्ये आहे, आणि हैदराबाद-पुण्याला गावातलं कुणी ना कुणी कामाला असतंच. सोयरीक जमवायचे दिवस आले की "डोळे किती खोल गेलेत गं, तोंड उतरल्यावानी दिसायलंय" असं म्हणणारी एखादी आत्या किंवा मावशी घरोघरी निघते. पूर्वी ती काकडीच्या चकत्या नाहीतर बटाट्याचा रस सुचवायची. आता तिची सून रील दाखवते.

म्हणून या चारही युक्तिवादांना चिंताकीत उभं राहून उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्याकडे बाईच्या डोळ्यांखाली जे दिसतं ते आधी तपासायचं असतं. तपासण्याआधीच ते भरून टाकणं म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. खालच्या पापणीखाली, नाकाच्या बाजूने निघून गालाकडे तिरकी उतरणारी एक खोलगट रेघ असते. तिथली कातडी अंगावरच्या सर्वांत पातळ कातडीत मोडते. तिच्याखाली चरबी जवळपास नाहीच. लगेच स्नायू, मग हाड. पापणी आणि गाल यांच्या शिवेवर एक तंतुबंध कातडीला हाडाशी जखडून ठेवतो. वय वाढलं की गालाची चरबी खाली उतरते, डोळ्याभोवतीची पुढे येते आणि मधली जखडलेली रेघ खोल दिसू लागते. काहींना ती घराण्यातूनच मिळते. गालाचं हाड मुळात मागे असेल तर विशीतही दिसते. डॉक्टर या खोलगटात बारीक सुईने किंवा बोथट टोकाच्या कॅन्युलाने, शक्यतो हाडालगत, हायलुरॉनिक ॲसिडचं जेल सोडतात. सिरिंज एक मिलिलिटरची, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. दोन्ही डोळ्यांना मिळून बहुतेकदा तेवढी पुरते.

नीट निवडलेल्या माणसाला, शिकलेल्या हातांनी हे केलं तर सावली हलकी होते, चेहरा ताजा दिसतो. हे नाकारलं तर तो खोटेपणा होईल. चेहऱ्यातला खड्डा भरणं हे काही मुळातच थिल्लर काम नाही. २००४ साली अमेरिकेत पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडच्या इंजेक्शनला परवानगी मिळाली ती एचआयव्हीबाधितांच्या बसलेल्या गालांसाठी. चेहऱ्यावरून आपला आजार चारचौघांना कळेल या धास्तीत जगणाऱ्यांना तो मोठाच आधार होता. अपघातात गालाचं हाड चेपलेल्या माणसाने असा उपचार घेतला तर त्याला नावं ठेवायचं कुणालाही कारण नाही.

पण फिलर घालवतं ती सावली. रंग ते घालवत नाही. रीलमध्ये या दोन्ही गोष्टींना सरसकट 'डार्क सर्कल' म्हटलं जातं आणि गफलतीला तिथूनच सुरुवात होते. फरक घरच्या आरशातही कळतो. तोंडावर समोरून उजेड घ्या. खड्ड्याची सावली असेल तर ती फिकी पडते. कातडीतल्या रंगद्रव्याचा काळेपणा असेल तर उजेड कुठूनही आला तरी जागचा हलत नाही. आपल्यासारख्या सावळ्या वर्णात हा दुसरा प्रकार भरपूर आढळतो. त्याच्याखाली जेल भरलं तर हाती येतो तोच काळेपणा, फक्त जरा वर उचललेला.

२०१४ साली 'इंडियन जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजी'त गुजरातमधल्या २०० रुग्णांचा अभ्यास छापून आला. डोळ्यांभोवतीच्या काळेपणाची ही माणसं. त्यांत ८१ टक्के बायका, जवळपास निम्मे रुग्ण १६ ते २५ या वयाचे. ६३ टक्क्यांच्या घरात हा काळेपणा आधीपासूनच कुणाला तरी होता. ४० टक्क्यांना पुरेशी झोप नव्हती. जवळपास एक तृतीयांश लोक सारखे डोळे चोळायचे. काहींना चष्म्याची गरज होती आणि तो लावलेलाच नव्हता. आता सोयाबीनची मळणी चालू असताना यंत्रापुढे दिवसभर पोती धरून उभी राहणारी बाई डोळ्यांपुढे आणा. धुरळ्याने डोळे चुरचुरतात, ती पदराने चोळते, रात्री उशिरा पाठ टेकते आणि दिवस उजाडायच्या आत उठते. तिच्या डोळ्यांखालचा काळेपणा हा तिच्या दिवसाचा हिशेब आहे. तो सिरिंजने कसा फिटणार?

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच जागी, बोटभर वर दिसते. आरोग्य केंद्रातली परिचारिका बाईला समोर बसवते, अंगठा डोळ्याखाली टेकवते, खालची पापणी हलकेच ओढते आणि आतली बाजू पाहते. गुलाबी-लालसर दिसली तर ठीक. फिकी, पांढुरकी दिसली तर रक्त कमी असल्याचा संशय, मग बोटातून थेंब घेऊन हिमोग्लोबिन. पापणी पाहायला यंत्र लागत नाही, फी लागत नाही, दोन क्षण पुरतात. ज्या जागी परिचारिकेचा अंगठा टेकतो, जवळपास त्याच जागी फिलरची सुई शिरते. एक हात तिथे काय झालंय ते विचारतो. दुसरा न विचारता बुजवतो.

रक्तक्षय झाला की कातडीचा तजेला जातो, आणि पातळ कातडीखालच्या निळसर शिरा व काळेपणा जास्तच उठून दिसतो. हे काही लाखात एखादीला सापडणारं कारण नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ साली, १५ ते ४९ वयाच्या बायकांत रक्तक्षयाचं प्रमाण कर्नाटकात ४७.८ टक्के निघालं, महाराष्ट्रात ५४.२ टक्के, देशात ५७ टक्के. सीमेची रेघ इकडे सरकवा की तिकडे, बाईच्या अंगात रक्त दोन्हीकडे कमीच. ज्या मुलखात जवळपास प्रत्येक दुसऱ्या बाईला रक्ताची कमतरता आहे, तिथे डोळे खोल गेल्याची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला हिमोग्लोबिन न विचारता सिरिंजचा दर सांगणारा माणूस डॉक्टर असला तरी त्या क्षणी दुकानदार आहे.

आता एकेक युक्तिवाद घेऊ.

पहिला, पदार्थ शरीरातलाच आहे. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी हायलुरॉनिक ॲसिड प्रथम वेगळं काढलं ते गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून. माणसाच्या अंगातही ते असतं, साधारण सत्तर किलोच्या देहात पंधराएक ग्रॅम. पण त्यातलं एक तृतीयांश रोज मोडतं आणि नव्याने तयार होतं. कातडीतलं नैसर्गिक हायलुरॉनिक ॲसिड एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. सिरिंजमधलं मात्र महिनोन्‌महिने टिकावं लागतं, नाहीतर त्याला हजारो रुपये कोण मोजेल? म्हणून ते जिवाणूंकडून बनवून घेतात आणि बीडीडीई नावाच्या रसायनाने त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधतात, म्हणजे शरीराला ते लवकर मोडता येऊ नये. शरीराला मोडता येऊ नये म्हणून खास बांधलेला पदार्थ 'शरीरातलाच' म्हणून विकायचा, ही चलाखी झाली.

आणि तो किती टिकतो? नऊ महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष, असं सांगतात. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर मोबिन मास्टर यांनी फिलर घेतलेल्यांचे एमआरआय तपासले तेव्हा चेहऱ्याच्या मधल्या भागात दोन वर्षांनंतर, काहींत तर दहा वर्षं उलटून गेल्यावरही जेल दिसलं. ते पाणी धरून ठेवतं, हाच त्याचा गुण आणि हाच अवगुण. डोळ्यांखाली त्याने पाणी धरलं की सकाळी उठल्यावर पिशव्या आल्यासारख्या दिसतात. पातळ कातडीखाली ते फार वरच्या थरात राहिलं तर उजेड विखुरतो आणि निळसर झाक येते. टिंडॉल परिणाम म्हणतात तो हा. काळं घालवायला गेलेली बाई निळं घेऊन घरी येते.

दुसरा युक्तिवाद पंधरा मिनिटांचा. सुई टोचायला पंधरा मिनिटं लागतात हे खरं आहे. पण विहिरीत पडायला त्याहून कमी वेळ लागतो. प्रश्न पुढचा आहे. अमेरिकेत हायलुरॉनिक ॲसिडच्या पहिल्या फिलरला २००३ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. खास डोळ्यांखालच्या खड्ड्यांसाठी म्हणून परवानगी मिळायला २०२२ साल उजाडलं, आणि तीही २१ वर्षांवरच्यांसाठी. मधल्या काळात डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर तिथे वापरत होते. जिथे मुलगी अठरा-एकोणिसाव्या वर्षी बोहल्यावर चढते, तिथे लग्नाआधीच्या पॅकेजमध्ये हे इंजेक्शन बसवणाऱ्याने त्या २१ च्या आकड्याकडे एकदा बघावं.

मग धोका. चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या धमन्या आणि डोळ्याची धमनी आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. सुईचं टोक नकळत धमनीत गेलं आणि जेल जोराने सोडलं, तर ते प्रवाहाच्या उलट मागे ढकललं जातं. दाब सुटला की रक्ताबरोबर पुढे जाऊन डोळ्याच्या पडद्याची धमनी बंद करतं. २०१५ साली जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून अशा प्रकारे दृष्टी गेल्याच्या ९८ घटना एकत्र करण्यात आल्या; २०१९ च्या आढाव्यात आणखी ४८ ची भर पडली. आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्वांत जास्त धोका दोन भुवयांमधल्या जागेचा आणि नाकाचा आहे. डोळ्यांखालची जागा त्या यादीत वर नाही. पहिल्या यादीतल्या जवळपास निम्म्या घटना स्वतःच्याच चरबीचं इंजेक्शन घेतल्याच्या होत्या. जगात दरवर्षी लाखो इंजेक्शनं दिली जातात, त्या मानाने हा आकडा लहान आहे. हे सगळं मान्य.

पण 'दुर्मीळ' हे किती वेळा घडतं त्याचं वर्णन झालं. ते कुठे घडतं हाही प्रश्न आहे. डोळ्याच्या पडद्याला रक्त मिळालं नाही तर तास-दीड तासात, कदाचित त्याआधीच, कायमचं नुकसान होतं. कातडीचा रक्तपुरवठा तुटला तर लक्षणं कधी टेबलावरच दिसतात, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी: वाढत जाणारी वेदना, पांढरी पडलेली कातडी, मग जाळीसारखे जांभळे डाग. हैदराबादेत राहणारी बाई रिक्षा करून त्याच डॉक्टरकडे परत जाईल. चिंताकीची बाई तोवर घरी पोचलेली असेल. रात्री तिच्या हाताशी कोण? आशाताई असतील, आरोग्य केंद्रातले डॉक्टर असतील. जेल विरघळवणाऱ्या हायलुरोनिडेजची कुपी त्यांच्या कपाटात असण्याचं काही कारण नाही. त्यांचं कपाट साप-विंचवाच्या लशींनी आणि बाळंतपणाच्या औषधांनी भरलेलं असतं, आणि ते तसंच असलं पाहिजे. बीदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण अपरात्री तिथे पोचलेल्या बाईकडे कोणतं जेल, किती, कुठे टोचलं याचा कागदच नसेल तर तिथल्या डॉक्टरांनी अंदाजाने काय करावं? पंधरा मिनिटांचं काम करणारा शहरात राहतो. त्यानंतरचे सगळे तास गावाच्या वाट्याला येतात.

तिसरा युक्तिवाद, नाही आवडलं तर विरघळवता येतं. येतं, पण फक्त हायलुरॉनिक ॲसिड. कॅल्शियम हायड्रॉक्सीॲपटाईटचं फिलर किंवा टोचलेली चरबी हायलुरोनिडेजने विरघळत नाही, आणि आपल्याला नेमकं काय टोचलं हे सांगू शकणाऱ्या बायका किती? विरघळवणारं औषध म्हणजेही एक विकर. त्याची ॲलर्जी येऊ शकते. दृष्टी गेल्यावर ते टोचून ती परत आल्याची उदाहरणं फार थोडी. २०२५ च्या जुलैत अभिनेत्री ऊर्फी जावेदने ओठांतलं जुनं फिलर विरघळवून घेतलं आणि सुजलेल्या चेहऱ्याचं चित्रण स्वतःच लोकांपुढे ठेवलं. हे दुखतं, असं तिने सांगितलं. आणि आपण फिलरच्या विरोधात नाही, असंही सांगितलं. तिच्या धीटपणाचं कौतुक वाटतं. पण तिच्यापाशी डॉक्टर होते, शहर होतं, परतीची दुसरी-तिसरी फेरी परवडत होती. 'विरघळवता येतं' या वाक्यात या सगळ्या सोयी गृहीत धरलेल्या असतात. त्या वजा केल्या की उरतं ते एकतर्फी तिकीट.

आता चौथा, सगळ्यांत वजनदार युक्तिवाद. चेहरा तिचा, निर्णय तिचा.

तत्त्व म्हणून हे मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच मी ते गंभीरपणे घेतो, आणि ते गंभीरपणे घेणाऱ्याने तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत. निर्णय घेणारीला पुरतं कळलंय का, नाही म्हणायची मोकळीक आहे का, आणि वेळ तिने ठरवली की दुसऱ्याने.

कळण्याचं पाहा. शहरातल्या क्लिनिकमध्ये सही घेतात तो संमतीचा कागद बहुतेकदा इंग्रजीत असतो. १९५६ साली बीदर म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून इथल्या मराठी माणसाला कचेरीतला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची सवय आहे. जमिनीचा उतारा असो की सोसायटीची नोटीस, "कुठं सही करू, साहेब?" हा प्रश्न तोंडात बसलेला. जमिनीच्या कागदावर न वाचता केलेली सही पिढीभर छळते हे आपल्याला ठाऊक आहे. डोळ्याच्या कागदावर तीच सही चालून जाते, हे कसं?

मोकळीक आणि वेळ यांचं उत्तर सोयरिकीत आहे. मुलाकडचे फोटो मागतात, मग पाहायला येतात, मग मध्यस्थाकरवी निरोप येतो: मुलगी चांगली आहे, पण जरा सुकलेली वाटते. निर्णय 'तिचा' असतो तो या निरोपानंतर. आणि त्याच बैठकीत बसलेल्या नवऱ्या मुलाच्या डोळ्यांखाली कितीही काळं असो, ते "पोरगं लई कष्टाळू हाय" या एका वाक्यात खपून जातं. मुलाच्या डोळ्यांखालचा काळेपणा कष्टाचा आणि मुलीचा खोटीचा, हा न्याय कुठला? हुंडा मागणं १९६१ पासून गुन्हा आहे. रूप मागणं गुन्हा नाही, म्हणून मागणी तिकडे वळली आहे, आणि ती पुरवायचा खर्च पुन्हा मुलीच्या बापाच्याच डोक्यावर.

तो खर्चही मोजू. साधारण वीस हजारांची एक सिरिंज धरा. २०२५-२६ साली कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३७० रुपये होती. म्हणजे सिरिंजमागे ५४ दिवसांची मजुरी. गृहलक्ष्मी योजनेत घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला २,००० रुपये मिळतात. त्याचे दहा महिने. आणि हे एकदाच करून भागत नाही. परिणाम टिकवायचा तर पुन्हा जा, पुन्हा भरा, असंच सांगतात. लग्नाआधी बापाने भरलेला हप्ता लग्नानंतर कोण भरणार, हा प्रश्न क्लिनिकमध्ये कुणी काढत नाही.

यावर एक उलट प्रश्न येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. शहरातल्या बाईला जे मिळतं ते खेड्यातल्या बाईने मागू नये, हा अहंकार नव्हे का? मागावं, जरूर मागावं. पण अर्धं मागू नये. शहरातल्या सुशिक्षित बाईला सुईबरोबर तपासणी मिळते, तिच्या भाषेत माहिती मिळते, दुसऱ्या दिवशी जायला डॉक्टर मिळतो, बिघडलं तर वकील मिळतो. गावातल्या बाईला त्यातली फक्त सुई मिळते. याला समानता म्हणणारे लोक माल खपवायला समानतेचं नाव वापरतात.

इथे दुसरी एक मंडळी माझ्या बाजूला येऊन उभी राहू पाहतील, त्यांनाही दूर केलेलं बरं. देवाने दिलेलं रूप बदलू नये, आजकालच्या पोरी बिघडल्या, असं म्हणणारे हे लोक. यांच्याशी माझं काही जमत नाही. नटणं हा गुन्हा नाही. हळद, काजळ, मेंदी, बांगड्या यांवर पोसलेल्या समाजाने तरी तसं म्हणू नये. शिवाय पोरीच्या नटण्याला नावं ठेवणाऱ्या याच घरांत तिचं हिमोग्लोबिन कधी तपासलेलं नसतं. वेळ अमावस्येच्या सणाला शेतात भज्जी-आंबील, उंडे, सगळं बाईने रात्री जागून करायचं, डोक्यावर वाहून न्यायचं, पंगती वाढायच्या आणि उरलंसुरलं मागून खायचं. त्या भज्जीत पालेभाज्या असतात, शेंगांचे कोवळे दाणे असतात, नेमकं जे तिच्या ताटात आधी पडायला हवं ते सगळं असतं. वर्षातला एक दिवस सोडा, रोजच्या भाकरीची गतही तीच. डोळे खोल जायला कारण व्हायचं आणि तिने उपाय शोधला की संस्कृती आठवायची, हे ढोंग फिलर विकणाऱ्यांच्या ढोंगापेक्षा कमी नाही.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगायला हवं, कारण 'ब्युटी ट्रीटमेंट' या नावाखाली बरंच काही दडवलं जातं. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे सौंदर्यप्रसाधन म्हणजे मुख्यतः अंगाला चोळायची, ओतायची, शिंपडायची, फवारायची किंवा लावायची वस्तू. टोचायचं काहीही त्यात बसत नाही. म्हणजे फेशियल आणि फिलर या एकाच यादीतल्या दोन ओळी नव्हेत. पार्लरमध्ये सुई काढली की ते पार्लर राहत नाही. कर्नाटकात खासगी दवाखान्यांसाठी २००७ चा कायदा आहे. नोंदणी नसलेल्या जागी उपचार करता येत नाहीत. सुईविना जेल आत ढकलणाऱ्या, घरबसल्या मागवता येणाऱ्या पेनांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ च्या ऑक्टोबरात स्पष्ट इशारा दिला होता: वापरू नका, डोळ्यांना आणि कातडीला कायमची इजा होऊ शकते. असं पेन ऑनलाइन मागवून मैत्रिणीकडून टोचून घेणं म्हणजे ट्रॅक्टरच्या खाली झोपून ब्रेक तपासणं.

मग करायचं काय? करायचं ते साधं आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा. हिमोग्लोबिन बारा ग्रॅमच्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या नेमाने घ्या, चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर चालतील. शौच काळी होते, पोट थोडं कुरकुरतं, म्हणून मध्येच सोडू नका. पाळीत जास्त रक्त जात असेल तर लाजू नका, सांगा. डोळे सारखे खाजत असतील तर ॲलर्जीचा इलाज करा आणि चोळणं थांबवा. नजर तपासून घ्या. लागला तर चष्मा लावा, लग्नाच्या बाजारात चष्म्याची भीती बाळगू नका. झोपेबद्दल बाईला उपदेश करण्यापेक्षा पहाटेचं एखादं काम घरातल्या पुरुषाने उचलावं. २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसने बीदरपर्यंत जायला बायकांना तिकीट पडत नाही. एक फेरी जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात करा.

हे सगळं करूनही खोलगट रेघ उरली, ती रंगाची नसून खरोखर सावलीची निघाली, मुलगी २१ च्या पुढची असली आणि सोयरिकीच्या निरोपाशिवाय तिला स्वतःलाच ते हवं असलं, तर तिने घ्यावं. माझा त्याला विरोध नाही. फक्त सुई घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं: तुमची पदवी कोणती आणि नोंदणी कुठली? कोणतं जेल, कोणत्या कंपनीचं, त्याच्या खोक्यावरची चिठ्ठी मला मिळेल का? हायलुरोनिडेज इथे कपाटात आहे का? रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर बोलायचं आणि उचलणारा डॉक्टर असेल का? संमतीचा कागद मराठीत वाचून दाखवाल का? यातल्या एकाही प्रश्नावर समोरचा हसला किंवा चिडला तर उठून बाहेर पडावं.

आणि क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरांना एक सांगणं. आमच्या भागातून आलेल्या मुलीचा खड्डा मोजण्याआधी तिचं रक्त मोजा. ते कमी निघालं तर तिला परत पाठवा, सिरिंज विकू नका. एका गिऱ्हाइकाचं नुकसान सोसवणार नाही इतका काही हा धंदा गरीब नाही.

मुलींच्या आयांना विनंती एवढीच: हिमोग्लोबिनचा कागद हातात आल्याशिवाय आपल्या लेकीच्या डोळ्यांखाली कुणालाही सुई लावू देऊ नका. आणि मुलाकडून 'जरा सुकलेली वाटते' असा निरोप आला, तर तोच कागद त्यांच्या मुलाचाही मागवून घ्या.